व्यापारात ओळख कशी जोडावी? गादीवरची आणि मोबाईलवरची

धंद्यात नव्याने उतरलेल्या तरुणांकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते. "माल चांगला आहे, भावही वाजवी आहे, पण बाजारात आमची ओळख नाही." ही तक्रार खोटी नाही. कापडाच्या बाजारात भांडवल लागते तशीच ओळखही लागते. परंतु ओळख वारशानेच मिळते, ज्याचे वडील गादीवर बसले त्यालाच ती असते, हा समज मात्र बरोबर नाही. ओळख कमवावी लागते. ती कमावण्याची एक रीत आहे आणि ती कोणालाही शिकता येते. या लेखात कापड धंद्याचे उदाहरण घेऊन ती रीत समजून घेऊ. इतर धंद्यांतील वाचकांनी सूत आणि ग्रे कापडाच्या जागी आपापला माल ठेवून वाचावे.

ओळखीच्या तीन पायऱ्या

मोबाईलमध्ये दोन हजार नंबर साठवले म्हणजे दोन हजार ओळखी झाल्या असे होत नाही. ओळखीच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी चेहऱ्याची. समोरचा तुम्हाला पाहून सलाम-नमस्कार करतो, नाव जाणतो, एवढेच.

दुसरी पायरी व्यवहाराची. त्याने तुमचा माल घेतला, तुम्ही त्याचे पैसे घेतले. माल सॅम्पलप्रमाणे निघाला की नाही, पैसे मुदतीत आले की नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे.

तिसरी पायरी शब्दाची. तुम्ही हजर नसताना कोणी तिसऱ्याला सांगतो, "याला माल द्या, माणूस भरोशाचा आहे." असे सांगणाऱ्याने तुमच्यासाठी आपले नाव गहाण ठेवलेले असते. उधारीचा धंदा चालतो तो या तिसऱ्या पायरीवर.

पुढे जे काही सांगायचे आहे ते इतकेच की मोबाईल पहिली पायरी फार लवकर चढवतो, दुसरी सोपी करतो, परंतु तिसरी पायरी माणसाला स्वतःच्या पायांनीच चढावी लागते. हा फरक ज्याला कळला, त्याला दोन्हींचा उपयोग करून घेता येतो.

दलाल काय करीत असे?

मुंबईच्या मुळजी जेठा आणि मंगलदास या एकोणिसाव्या शतकापासूनच्या कापड बाजारांत दलाल हा ओळखीचा मोठा पूल होता. आजही तो आहे, पण त्याचे काम कमी झाले आहे. दलाल म्हणजे फुकटची दलाली खाणारा माणूस, असे नव्या मुलांना वाटते. त्याची कामे मोजून पाहिली पाहिजेत. कोणाकडे कोणता माल तयार आहे, हे तो जाणतो. कोणाला काय हवे, तेही जाणतो. सॅम्पलचे कटिंग घेऊन तो गादीगादीवर फिरतो. पार्टीची ऐपत किती, ती कोणत्या महिन्यात अडचणीत येते, किती माल उधार द्यावा, हे त्याला तोंडपाठ असते. सौदा मोडला तर दोघांना समोरासमोर बसवतो आणि पैसे थकले तर वसुलीसाठी खेटे घालतो.

मोबाईलने यातली पहिली दोन-तीन कामे सहज हाती घेतली. माल कोणाकडे आहे, फोटो कसा दिसतो, भाव काय, हे आता मिनिटात कळते. परंतु ऐपत ओळखणे, मध्यस्थी आणि वसुली ही कामे मोबाईलने घेतली नाहीत. दलाल टाळून थेट सौदा करणाऱ्याने ही तीन कामे आता आपल्या अंगावर आली आहेत, हे समजून घ्यावे. दलाली वाचली असे म्हणताना हा खर्च धरायला विसरू नये.

ओळख कमी असल्याची किंमत

समजा, भिवंडीत एकाचे २४ माग आहेत. ते सर्व मजुरीवर, एकाच पार्टीच्या कामावर चालतात. पार्टी बीम पाठवते, बाण्याचे सूत पाठवते, माग मालक कापड विणून देतो आणि मजुरी घेतो. काम चालू आहे तोवर सारे ठीक. ज्या महिन्यात ती पार्टी हात आखडते, त्या महिन्यात सर्व माग एकदम थांबतात. विजेचे बिल थांबत नाही, शेडचे भाडे थांबत नाही, कारागीर दुसरीकडे निघून जातात. मग पार्टी परत येते आणि मजुरीचा दर खाली मागते. माग मालकाला हो म्हणावेच लागते, कारण दुसरे दार त्याला माहीतच नसते.

म्हणून ओळख वाढवणे हे मिरवण्याचे काम समजू नये. दर ठरवताना "नाही, परवडत नाही" असे म्हणण्याची ताकद तिच्यातून येते. ज्याच्याकडे तीन दारे आहेत तोच एका दारावर नाही म्हणू शकतो.

यासाठी एक सोपा अभ्यास करावा. वहीत सहा रकाने आखावेत: सूत देणारे, सायझिंगवाले, खरेदीदार व दलाल, प्रोसेस हाऊस, ट्रान्सपोर्ट, आणि मिस्त्री व हिशेब पाहणारे. प्रत्येक रकान्यात आज रात्री फोन केला तर उचलतील, अशाच माणसांची नावे लिहावीत. ज्या रकान्यात एकच नाव आहे ती धंद्यातील कच्ची जागा. नवी ओळख तिथूनच जोडायला सुरुवात करावी. ज्या रकान्यात आधीच दहा नावे आहेत तिथे अकरावे नाव जोडण्याची घाई नाही.

जवळची ओळख आणि दूरची ओळख

आपल्याकडे जवळच्या ओळखीला फार महत्त्व आहे, आणि ते योग्यही आहे. १८५७ नंतर आजच्या उत्तर प्रदेशातून आलेली विणकर कुटुंबे मालेगाव आणि भिवंडीत वसली. परक्या मुलखात आपल्या माणसांच्या आधाराशिवाय कोणी पाय रोवू शकत नाही. परंतु जवळच्या ओळखीला एक मर्यादा असते. एका मोहल्ल्यातील, एका बिरादरीतील, एका चहाच्या हॉटेलात बसणारी माणसे बहुधा एकच बातमी जाणतात. सुताचा भाव वाढला तर सर्वांना एकदम कळतो, मंदी आली तर सर्वांवर एकदम येते.

या गोष्टीचा अभ्यास अमेरिकेत झाला आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारले होते की ज्याने खबर दिली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता? आठवड्यातून दोनदा किंवा अधिक भेटणाऱ्यांकडून खबर मिळालेले सुमारे १७ टक्केच निघाले. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून मिळालेले सुमारे ५५ टक्के, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणाऱ्यांकडून मिळालेले सुमारे २८ टक्के होते. पाहणी लहान होती. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइन या व्यावसायिक ओळखीच्या संकेतस्थळावरील दोन कोटींहून अधिक लोकांच्या पाच वर्षांच्या नोंदींवर आधारित अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यातही साधारण हेच दिसले. नोकरी बदलण्यास सर्वात उपयोगी पडली ती मध्यम दूरची ओळख. अगदी घट्टही नव्हे आणि अगदीच ओळख ना पाळख अशीही नव्हे.

हे अभ्यास नोकरीचे आहेत, पण आपल्या धंद्यातही ही गोष्ट रोज दिसते. मालेगावचे ग्रे कापड राजस्थानात पाली-बालोतऱ्याला छपाई-रंगाईसाठी जाते. तिथला प्रोसेस हाऊसचा माणूस वर्षातून दोनदाच बोलत असेल. पण कोणत्या पन्न्याच्या मालाला मागणी येत आहे, कोणाचा माल रंगात डाग दाखवतो, कोणाचे ताके पडून आहेत, हे तो शेजारच्या माग मालकापेक्षा अधिक सांगू शकतो. ट्रान्सपोर्टच्या गोदामातील मुनीम कोणाची गाठडी कुठे जाते, हे पाहत असतो. अशा माणसांशी महिन्या-दोन महिन्यांनी, काम नसतानाही, दोन शब्द बोलत राहावे. मात्र एकाच्या मालाची माहिती दुसऱ्याला विकणारा, असे नाव आपले होऊ देऊ नये.

प्रत्यक्ष भेटीची रीत

बाजारात फिरणे हेही एक काम आहे. ते पुढीलप्रमाणे करावे.

१. हात हलवत जाऊ नये. आपल्या मालाची चार-पाच कटिंग्ज नीट कापून, प्रत्येकावर चिठ्ठी लावून न्यावीत. चिठ्ठीवर सुताचा काउंट, रीड-पिक, पन्ना, वजन, महिन्याला किती मीटर देता येईल ते आणि आपले नाव-नंबर असावे. दुकानदार विचारील आणि मग आपण घरी फोन करून सांगू, यात पहिली भेट वाया जाते.

२. गादीवर गर्दी असेल तेव्हा बोलायला सुरुवात करू नये. सकाळी दुकान उघडल्यानंतरची किंवा दुपारच्या जेवणानंतरची निवांत वेळ पाहावी.

३. पहिल्या भेटीत विकण्याची घाई करू नये. "आपल्याकडे काय चालते? कोणत्या मालाची तक्रार येते?" हे विचारावे आणि ऐकावे. तक्रार ऐकणाऱ्याला पुढच्या खेपेस काय आणायचे ते कळते. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात हे खरे, पण कोणते हुलगे हवेत ते आधी ऐकून घ्यावे लागते.

४. त्याच दिवशी वहीत नोंद करावी: कोण भेटले, काय मागितले, आपण काय कबूल केले. कबूल केलेली गोष्ट, मग ते साधे कटिंग पाठवणे का असेना, सांगितलेल्या दिवशी पोहोचवावी. पहिल्या व्यवहाराच्या आधीच माणसाची परीक्षा झालेली असते ती इथे.

५. घेण्याआधी द्यावे. आपल्याकडे नसलेला माल कोणी मागितला तर ज्याच्याकडे आहे त्याचा पत्ता द्यावा. यात आपले काही जात नाही आणि दोन माणसे आपली आठवण ठेवतात.

६. कोणाच्या शिफारशीने सौदा झाला तर त्याचा निकाल शिफारस करणाऱ्याला स्वतःहून कळवावा. माल पोहोचला, पैसे मिळाले, एवढे दोन शब्द पुरतात. शिफारस ही अमानत आहे. जो तिचा हिशेब देतो त्याला दुसरी शिफारस मिळते.

आपल्या गावाबाहेरचा बाजार पाहण्यासाठी प्रदर्शने उपयोगी पडतात. दिल्लीत फेब्रुवारी २०२४ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये 'भारत टेक्स' हे मोठे वस्त्रप्रदर्शन भरले होते. अशा ठिकाणी गाळा घेण्याची ऐपत नसली तरी पाहुणा म्हणून जाता येते. जाताना दहाच गाळे ठरवून जावे. दिवसभर शंभर कार्डे गोळा करून आणण्यापेक्षा दहा माणसांशी दहा-दहा मिनिटे बोललेले कामी येते. परत आल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येकाला आपल्या भेटीची आठवण देणारा निरोप पाठवावा. आठवडा उलटला की कार्डावरचे नाव नुसते नाव राहते.

मोबाईलवरची ओळख

आता मोबाईलकडे येऊ. आपल्या बाजारात त्याचा सर्वाधिक वापर व्हॉट्सॲपवर होतो. व्यापाऱ्यांसाठी २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळे ॲप आले. त्यात दुकानाचे नाव, पत्ता, वेळ आणि मालाचा कॅटलॉग फुकट ठेवता येतो. धंद्याचा नंबर घरच्या नंबराहून वेगळा ठेवावा. घरी शिवणकाम, भरतकाम करून माल विकणाऱ्या भगिनींसाठी तर हे फारच गरजेचे आहे.

मालाचा फोटो दिवसाच्या उजेडात, पट्टी किंवा टेप शेजारी ठेवून काढावा. रंग खुलवून दाखवू नये. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे झाले की ताके परत येतात आणि भाड्याचा भुर्दंड पडतो. फोटोखाली काउंट, पन्ना, वजन आणि तयार माल किती हे लिहावे.

ग्रुप आणि ब्रॉडकास्ट यांतील फरक लक्षात घ्यावा. ग्रुपमध्ये टाकलेला भाव आपले प्रतिस्पर्धीही वाचतात. ब्रॉडकास्टचा निरोप प्रत्येकाला वेगळा जातो, परंतु ज्याने आपला नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये साठवून ठेवला आहे त्यालाच तो पोहोचतो. म्हणजे इथेही आधी कोणीतरी आपले नाव लिहून घ्यावे लागते, आणि ते लिहिले जाते भेटीत किंवा फोनवर बोलताना. रोज शुभ सकाळचे फूल पाठवणाऱ्याचा निरोप लोक न वाचताच पुसतात. आठवड्यातून एकदा, कामाचा निरोप पाठवावा.

इंडियामार्टसारख्या संकेतस्थळांवर दूरच्या राज्यांतून चौकशी येते. चौकशीला ऑर्डर समजू नये. एकच चौकशी अनेकांकडे गेलेली असते. लगेच, मोजके आणि खरे उत्तर द्यावे, आणि लिखापढी लांबवण्यापेक्षा फोनवर बोलावे. ज्यांना निर्यातदार किंवा तयार कपड्यांच्या कंपन्यांशी संबंध जोडायचे आहेत त्यांनी लिंक्डइनवर आपली माहिती टाकावी. तिथे खरेदी विभागातील माणसांना थेट निरोप पाठवता येतो. निरोपात स्तुती नको. आपण काय विणतो, किती विणतो, सॅम्पल कधी पाठवू शकतो, या तीन ओळी पुरेत.

अनोळखी पार्टीची पारख

मोबाईलवर पार्टी लवकर मिळते, तशी फसवणूकही लवकर होते. म्हणून दलाल जे काम करी ते आता आपण करावे.

जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला, तेव्हापासून पारखण्याचे एक साधन प्रत्येकाच्या हाती आले आहे. पार्टीचा जीएसटी नंबर मागावा. तो १५ अंक-अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४, राजस्थानचे ०८. पुढची दहा अंक-अक्षरे म्हणजे पॅन नंबर. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर हा नंबर टाकला की नोंदलेले नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि विवरणपत्रे भरली जातात की नाही, हे कोणालाही पाहता येते. वीस वर्षांची पेढी सांगणाऱ्याची नोंदणी दोन महिन्यांपूर्वीची निघाली तर कारण विचारावे. ज्या खात्यातून किंवा खात्यात पैसे जाणार त्याचे नाव बिलावरच्या नावाशी जुळवून पाहावे.

त्यानंतर त्याच गावातील दोन माणसांकडून चौकशी करावी. तीन पायऱ्यांपैकी तिसरी इथे कामी येते. दूरच्या गावात आपली दोन माणसे असतील तर दोन फोनमध्ये निकाल लागतो, नसतील तर अंधारात माल जातो. पहिला सौदा लहान करावा आणि रोखीने किंवा ॲडव्हान्स घेऊन करावा. पहिली दोन बिले वेळेवर चुकती करून तिसऱ्या वेळी मोठा माल उधार मागणे, ही जुनी चाल आहे. उधारीची मर्यादा वहीत आधी लिहून ठेवावी आणि ऑर्डर मोठी दिसते म्हणून ती ओलांडू नये.

पैसे मिळण्यासाठी कोणताही क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही की पिन टाकावा लागत नाही. तसे सांगणारा लुबाडणारा आहे असेच समजावे. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. जितका उशीर तितकी रक्कम सापडणे कठीण.

ओळख असली तरी कागद हवा

आपल्या बाजारात जबानीचा दस्तूर आहे. तो चांगला दस्तूर आहे. परंतु कागद केल्याने जबान हलकी होत नाही. भाव, मीटर, पन्ना, मुदत आणि खराब मालाचा निवाडा कसा होईल, हे सौद्याच्या दिवशीच व्हॉट्सॲपवर लिहून समोरच्याकडून "कबूल" घ्यावे. ओळख टिकवण्यासाठीच हे करायचे. भांडणे बहुधा विसरण्यातून होतात.

माग चालवणाऱ्यांनी उद्यम नोंदणी अवश्य करावी. ती १ जुलै २०२० पासून सुरू झाली आणि सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. बाजारात 'त्रेचाळीस बी एच' या नावाने ओळखल्या गेलेल्या आयकराच्या तरतुदीने २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आणखी एक गोष्ट झाली. मुदत टळली तर ती रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खरेदीदाराला खर्चात धरता येत नाही. मात्र केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी झाली तरी ४५ दिवसांचे हे संरक्षण त्याला मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे. त्याला आपली मुदत स्वतःच राखावी लागते.

महिन्याचा अभ्यास

शेवटी कामाची गोष्ट. पुढच्या महिन्यात एवढेच करून पाहावे. पहिल्या आठवड्यात सहा रकान्यांची वही पूर्ण करावी. दुसऱ्या आठवड्यात कटिंग्ज आणि कॅटलॉग तयार करावा. तिसऱ्या आठवड्यात आपल्या गावाबाहेरच्या एका बाजारात एक दिवस जावे आणि पाच गाद्यांवर बसून यावे. चौथ्या आठवड्यात त्या पाचही जणांना कबूल केलेली वस्तू पोहोचवावी आणि दोन जुन्या, दूरच्या ओळखींना काम नसताना फोन करावा.

वर्षभरात अशी पन्नास-साठ माणसे होतात. त्यांतली दहा जरी आपल्या पाठीमागे आपल्याबद्दल चांगला शब्द बोलली, तर धंद्याला पुष्कळ झाले. आणि आपणही कोणा नव्या मुलासाठी असाच शब्द टाकावा, त्याला पूर्ण पारखून, पण टाकावा. आज बाजारात ज्यांची ओळख आहे त्यांच्यासाठीही एकदा कोणीतरी तो टाकला होता.